शेऱ्याचा रकाना

मंगळवार वजनाचा.
सकाळी सात वाजता टार्टूत अजून रात्रच असते,
एमायगी नदीवर बर्फाची साय,
आणि मी, मारेट कूस्क, तळमजल्यावर
एकेका उंदराला शेपटीशी धरून
पत्र्याच्या वाटीत ठेवते.
जुना काटा थरथरतो. मग ठरतो.
मी आकडा लिहिते. सत्तावीस वर्षं लिहितेय.

डावीकडच्या खोलीत पोटभर खाणारे.
लोळतात, पेंगतात, गुबगुबीत म्हातारे होतात
आणि एका सकाळी भुशात गार सापडतात.
उजवीकडे तीस टक्के कमी.
हे गज चावतात, रात्रभर चाक फिरवतात,
पावलं ओळखतात. माझी कसली, डब्याची.
आणि जगतात. जास्त जगतात.
भुकेनं आयुष्य वाढतं, मारेट,
प्राध्यापक आर्दर म्हणतात, आलेखच बघ.

मी आलेख बघते.
माझ्या आईनं हा प्रयोग तरुणपणी केला होता,
सायबेरियात, आठ हिवाळे.
संमतीपत्रावर कुणी सही मागितली नव्हती.
परतली ती तोळामासा होऊन,
गळलेली मूठभर वेणी कागदात गुंडाळून.
जगली मात्र चौऱ्याण्णव.
उशीखाली पावाचा तुकडा ठेवल्याशिवाय
एक रात्र झोपली नाही.
प्राध्यापकांना सांगितलं एकदा.
ते हळू आवाजात म्हणाले,
एकावरून काही सिद्ध होत नाही.
खरंय.
चादर झटकताना चुरा सांडायचा, तो मी झाडायची.

वरच्या मजल्यावर केसांचं काम चालतं.
डॉक्टर रास्मुस उंदरांची पाठ भादरतो, थेंब सोडतो,
एकविसाव्या दिवशी पाठीवर मखमल.
गंमत अशी की माझ्या उपाशी उंदरांना
थेंबाशिवायच दाट लव येते.
आत चरबी नाही, म्हणून शरीर
बाहेरून पांघरूण विणत बसतं.
रास्मुसला सांगितलं तर तो हसला,
मग उगाच कपाळावरून हात फिरवला,
त्याच्या केसांची रेघ दरवर्षी बोटभर मागे सरकते.
एका संध्याकाळी शीतकपाटाच्या काचेत बघत
ड्रॉपर टाळूवर धरून उभा दिसला.
चौतिशीचा मुलगा.
त्या थेंबाला अजून माणसांसाठी परवानगी नाही.
मी पाय न वाजवता परतले,
दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर
लोकरीची टोपी ठेवली.
कुणी ठेवली, त्यानं विचारलं नाही.

आज माझा शेवटचा मंगळवार.
तीनशे सतरा. वय एक हजार दोनशे चार दिवस.
तिच्या बरोबरीचे सगळे गेले.
वजन एकोणीस ग्रॅम,
त्यातले निम्मे केसच असावेत.
पुढचे पंजे वाटीच्या कडेवर टेकून
ती माझ्याकडे बघत राहिली.
माझ्या खिशात रायचा काळा पाव होता.
सवय म्हणा. आईची.

मोहरीएवढा कण.
तिनं तो दोन्ही हातांत धरून खाल्ला,
सावकाश, डोळे अर्धे मिटून,
कुणी हिसकावणार नाही हे पटल्यासारखा.
काटा केसभरही हलला नाही.
कुणाला कळलं नसतं.

पण सत्तावीस वर्षांत मी खोटा आकडा लिहिला नाही.
शेऱ्याचा रकाना कायम कोरा असायचा.
तिथे लिहिलं: पावाचा एक कण. माझ्या हातून.
आता ती मोजणीतून बाद होईल,
सगळ्यात जास्त जगलेली, प्राध्यापकांची लाडकी.
ते चिडतील. मग बराच वेळ चष्मा पुसतील.

पिंजऱ्यात सोडलं तर आज
ती चाकाकडे गेलीच नाही.
भुशात खड्डा केला आणि झोपली.
मी दिवा घालवला.
वर कुणाची तरी पावलं जिन्याकडे निघाली होती.
टोपी घातली असेल त्यानं, मी म्हटलं,
बाहेर उणे अठरा आहे.